जुन्नरी कागद आणि आजचे कागदपत्र

जुन्नर-आंबेगावातल्या मुस्लिम तरुणाला काम का मिळत नाही, यावर आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, ही मुले शिकत नाहीत. दोन, त्यांना कोणी घेत नाही. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण या भागाला रोजगाराचा इतिहास आहे आणि तो पाहिल्याशिवाय आजचे कोडे उलगडणार नाही.

जुन्नर हे कामगारांचे आणि व्यापाऱ्यांचे फार जुने गाव. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांवरचा माल वर चढायचा तो इथेच. सातवाहन काळातल्या इथल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत राजेरजवाडे कमी आणि धंदेवाले जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजातून धर्मकार्य चालवल्याची नोंद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या कारागिरांच्या संघटनेवर आजच्या बँकेसारखा विश्वास होता. यवन म्हणवणारे परदेशी दातेही त्या लेखांत आहेत. बाहेरून आलेला माणूस इथे कामधंदा करतो आणि इथलाच होतो, ही गोष्ट जुन्नरला नवी नाही.

पुढे 1490 मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही उभी केली, तेव्हा तो जुन्नरमध्येच होता. अहमदनगर शहर नंतर, 1494 मध्ये वसले. 1607 च्या सुमारास मलिक अंबरने पुन्हा जुन्नरला राजधानी आणली. काही वर्षांतच ती दौलताबादकडे गेली, पण हापूसबागेतला सौदागर घुमट आणि हबशी महाल त्या काळाची आठवण ठेवून उभे आहेत. राजधानी म्हणजे फक्त महाल आणि फौज नव्हे. राजधानी म्हणजे दफ्तर. जमिनीची मोजणी, सारा, इनाम, वतन, तक्रारी, हुकूम. मलिक अंबरच्या जमीन महसूल पद्धतीचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ती पद्धत कागदाशिवाय एक दिवस चालली नसती.

तो कागद जुन्नरातच तयार व्हायचा. मराठेशाहीच्या दफ्तरांत 'जुन्नरी' आणि 'दौलताबादी' अशी कागदाची नावे येतात. आज आपण पैठणी म्हणतो, तसे ते नाव. हा कागद करणारे मुसलमान कारागीर, त्यांना कागदी म्हणत. पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा आहे, तिथल्या कारागिरांचे मूळही जुन्नरकडचे सांगितले जाते. दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, खानदेशात एरंडोल आहे. ही सगळी एकाच हुन्नराची गावे.

हुन्नर हा शब्द मुद्दाम वापरला. आठव्या शतकात समरकंदला ही कला पोहोचली, तिथून बगदादला आणि पुढे पसरत ती दख्खनमध्ये आली. येताना शब्द घेऊन आली. कागद, कलम, दौत, शाई, दस्ता, लिफाफा, जिल्द, फर्द, दफ्तर, रुमाल. वर्गात मी हे शब्द फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यातले उर्दू कोणते आणि मराठी कोणते. मुलांना ठरवता येत नाही. मलाही ठरवायचे नसते. 24 तावांचा दस्ता हे गणित जुन्नरच्या कागद्याचे आणि पेशव्यांच्या कारकुनाचे एकच होते.

काम मात्र कष्टाचे. जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या, रद्दी हा कच्चा माल. तो कुऱ्हाडीने बारीक तोडायचा, चुनखडीत भिजवायचा, पायाने दाबायच्या जड लाकडी ढेकीखाली दिवसचे दिवस कुटायचा, नदीवर नेऊन धुवायचा, पुन्हा कुटायचा. कुकडीचे पाणी नसते तर हा धंदा जुन्नरात टिकलाच नसता. मग हौदात लगदा कालवून लाकडी चौकटीवरच्या गवती काड्यांच्या चटईने एकेक ताव उचलायचा. हे उचलणे म्हणजे खरी उस्तादी. हात किंचित तिरका झाला की ताव एका बाजूला जाड आणि दुसरीकडे विरळ. ओले ताव दाबून पाणी काढायचे, गुळगुळीत लिंपलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि दगडाने घोटून चकाकी आणायची, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. एका तावामागे इतके हात. ढेकीवरचा मजूर, हौदावरचा उस्ताद, घोटणारा, चिंध्या पुरवणारा, गाठोडी बांधून पुण्याला नेणारा. कागदी हा एक धंदा असला तरी त्याच्या आधाराने अनेक चुली पेटत होत्या.

हा धंदा बुडाला कसा? यंत्र आले आणि हाताचे काम गेले, हे सोपे उत्तर. ते अर्धेच आहे. कागदाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सरकार होते. निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, तरी दफ्तर राहिले आणि कागदाला मागणी राहिली. 1818 नंतर इंग्रजांचे दफ्तर तर पूर्वीच्या सगळ्यांपेक्षा मोठे झाले. कागदाची भूक वाढली आणि कागदी उपाशी पडला, हे उलटे वाटते. कारण असे की सरकारने आपला कागद विलायतेतून घ्यायला सुरुवात केली. 1859 ते 1866 या काळात सर चार्ल्स वुड भारतमंत्री होते. हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद ब्रिटनमधून खरेदी करण्याचा हुकूम त्यांच्या नावावर आहे. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला वुड माहीत आहे. 1854 चा वुडचा खलिता आम्ही परीक्षेसाठी पाठ केला. गावोगाव शाळा निघाव्यात, देशी भाषेतून शिक्षण मिळावे, असे त्यात आहे. शाळा निघाल्या, त्यांना कागद लागला, आणि तो कागद जुन्नरचा असणार नाही याची तजवीजही त्याच वुडसाहेबांच्या काळात झाली. आमच्या प्राध्यापकांनी ही दुसरी गोष्ट कधी सांगितली नाही. अभ्यासक्रमातच नव्हती.

त्यात देशातल्या तुरुंगांमध्ये कैद्यांकडून कागद करून घेतला जाई, त्याच्याशी स्पर्धा. मग 1880 च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला रे पेपर मिल निघाली. महादेव बल्लाळ नामजोशींसारख्या स्वदेशीच्या कळकळीच्या माणसाचा त्यात पुढाकार होता. तिचे महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या स्वदेशीत यंत्राला जागा होती, जुन्नरच्या हौदावरच्या उस्तादाला नव्हती. विसाव्या शतकात या कागदाकडे पुन्हा लक्ष गेले ते गांधीजींच्या ग्रामोद्योगामुळे. 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, के. बी. जोशी यांनी ती घडवली. तोवर उशीर झाला होता. आज हातकागद मिळतो तो लग्नपत्रिकेसाठी आणि भेटवस्तूंच्या पिशव्यांसाठी. कागजीपुऱ्यात थोडे काम चालते, कारण खुलताबाद-वेरूळच्या वाटेवर पर्यटक थांबतात. जुन्नर 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, पण लेणी आणि शिवनेरी पाहून उतरणाऱ्याच्या हातात इथला कागद कोणी ठेवत नाही. याची मला खंत वाटते.

धंदा गेला तरी माणसे कुठे तरी पोट भरणारच. बागवान, तांबोळी, आतार, मणियार, पिंजारी, मोमीन, मुलाणी, शिकलगार. ही आडनावे म्हणजे गावगाड्यातल्या कामांची जुनी यादीच. त्यातला बागवान तेवढा आपल्या धंद्यात टिकला, कारण कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी आणि घोडनदीवरच्या डिंभे धरणाने पूर्वेकडची शेती बदलली. नारायणगावचा टोमॅटो बाजार, मंचरचा कांदा-बटाटा यांतून खरेदी, भराई, वाहतूक अशी कामे निघाली. बाकीचे गॅरेज, वेल्डिंग, वायरिंग, चिकनचे दुकान, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांत पांगले. नाशिक रस्त्याने खाली उतरले की चाकण आणि भोसरी. तिथे काम आहे, पण बहुतेकांना ते ठेकेदारामार्फत मिळते. कार्ड ठेकेदाराचे, पगार ठेकेदाराचा, आणि काही महिन्यांनी पुन्हा घरी. सच्चर समितीने 2006 मध्ये हेच देशपातळीवर मांडले होते. मुस्लिम कामगारांतला निम्म्याहून मोठा भाग स्वतःचा लहानमोठा धंदा करणारा आणि नियमित पगाराच्या नोकरीत त्यांचा वाटा कमी.

हे फक्त आपलेच दुखणे आहे असे मात्र समजू नये. नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतले स्त्री-पुरुष तिथे कामाची वाट पाहत उभे असतात. धरणे त्यांच्या डोंगरात, पाणी खालच्या शेतात, आणि त्या शेतात मजुरीला तेच. जुने आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. हिरड्याचा हंगाम सोडला तर वर रोख पैसा फारसा नाही. त्यांची आणि आपली गोष्ट एकत्र बसून कधी बोलली जात नाही, हे मला चुकीचे वाटते.

आता नोकरीच्या वाटेवरचा कागद. 7 डिसेंबर 1994 च्या शासन निर्णयाने मुस्लिमांतल्या अनेक व्यावसायिक जाती ओबीसीत आल्या. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीचे ते मोठे फळ. शिक्षणात, भरतीत, अगदी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही त्याचा उपयोग आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. घरात चार पिढ्या तांबोळ्याचा धंदा, आडनाव तांबोळी, आणि कागदावर तांबोळी नाही. ज्या गावाने राज्यकर्त्यांना कागद पुरवला, त्या गावचा मुलगा एका कागदासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. मुले मला विचारतात, सर, आडनावावरून कळत नाही का? कळते, पण समितीला पुरावा लागतो.

म्हणून मी पालकांना सांगतो की शाळेच्या दाखल्यावर थांबू नका. कोतवाल बुक पाहा, म्हणजे गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. तिथे जात किंवा धंदा लिहिलेला सापडतो. जुने फेरफार, इनामाचे कागद, खरेदीखते पाहा. अडचण एवढीच की यातले बरेच मोडीत आहे.

आणि इथेच मला आपल्या मुलांसाठी एक काम दिसते. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. वाचणारे थोडे, कागद अमाप. मोडी दफ्तरातली मराठी फारसी शब्दांनी भरलेली आहे: तपशील, मजकूर, बिदानद, मोर्तब सुद. मराठी माध्यमाचा पदवीधर इथे अडखळतो. ज्याला उर्दू येते त्याला हे शब्द ओळखीचे वाटतात, राहते ती फक्त लिपी शिकायची. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. उर्दू शाळांतली शिक्षक भरती पवित्र पोर्टलवर कधी निघेल याकडे डोळे लावून बसलेले डी.एड., बी.एड. झालेले कितीतरी जण आपल्या दोन तालुक्यांत आहेत. तेवढ्या वेळात मोडी येऊ शकते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या तिघांनी बाराखडीपासून सुरुवात केली. त्यातल्या एकीने आपल्याच पणजोबांच्या नावाची मृत्यूनोंद वाचून काढली. धंद्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिले होते: पिंजारी.