'जिन' शब्दाची कुळकथा

यवतमाळकडचा कास्तकार 'कापूस जिनात नेला' असे सहज म्हणतो. पण वाचकहो, हा 'जिन' आला कोठून? लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी. त्यापासून जुन्या फ्रेंच भाषेत 'एंजिन', म्हणजे युक्ती. इंग्रजीने त्याचे डोके उडवून 'जिन' केले. त्याचे दोन अर्थ ध्यानात ठेवा : एक सापळा, दुसरा सरकी काढण्याचे यंत्र. बाटलीतली जिन मात्र या कुळातली नव्हे. ती डच 'येनेवर'ची, जुनिपरच्या फळांची लेक.

१७९४ साली अमेरिकेत व्हिटनेने या यंत्राचे पेटंट घेतले. कपाशीबरोबर तिकडे गुलामगिरीही वाढली. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिथला कापूस अडला, नि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली.

यंत्राला आणि सापळ्याला एकच नाव का, हे भाव पडलेल्या साली कास्तकाराला कोशात पाहावे लागत नाही.