इ. स. १८७८ चा जंगलचा कायदा आणि पुण्याची सार्वजनिक सभा

इ. स. १८७८ सालीं हिंदुस्थान सरकारनें जे कायदे केले, त्यांपैकीं देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या मुस्कटदाबीचा कायदा शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतो. १४ मार्च रोजीं एकाच बैठकींत तो मंजूर झाला. त्यावर देशभर ओरड झाली, आणि चार वर्षांच्या आंत तो रद्दही झाला. त्याच महिन्यांत, थोडे दिवस आधीं, त्या सालचा ७ वा कायदा मंजूर झाला होता. तो जंगलांविषयींचा. त्याचें आयुष्य मात्र अल्प ठरलें नाहीं. १९२७ सालीं नवा कायदा होईपर्यंत तो चालला, आणि त्या नव्या कायद्याची चौकटही बहुतांशीं त्याचीच आहे. या कायद्याच्या मसुद्यास पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ३ मार्च १८७८ च्या विनंतिअर्जानें हरकत घेतली होती. त्या अर्जाची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. प्रस्तुत लेखांत ती सांगून, त्यांतील युक्तिवाद आपल्याकडील जुन्या कागदांच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहावयाचें आहे.

त्या वेळीं विलायतेंत डिझरेलीचें हुजूरपक्षीय मंत्रिमंडळ (१८७४–१८८०) अधिकारारूढ होतें, व त्यानेंच नेमलेला लॉर्ड लिटन १८७६ पासून येथें गव्हर्नर-जनरल होता. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस बादशाही दरबार भरला, तेव्हां दख्खन व मद्रास या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला होता. दुष्काळी कामांवरील मजुरास दिवसास १ पौंड धान्य पुरे, असा दंडक सर रिचर्ड टेंपल यानें घातला, आणि मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं उपाशीं असतांही कामें सोडलीं. हाच टेंपल पुढें त्याच वर्षीं मुंबईचा गव्हर्नर झाला, म्हणजे जंगलच्या नव्या कायद्याची या इलाख्यांतील अंमलबजावणी त्याच्याच अमदानींत सुरू झाली.

सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० ची. आरंभीं तिचे ९५ सभासद होते, आणि प्रत्येकानें लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें असा तिचा नियम होता. अशीं मुखत्यारपत्रें सुमारें ६,००० लोकांचीं होतीं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे 'सार्वजनिक काका', हे दिल्लीच्या दरबारास स्वहस्तें काढलेल्या सुताचीं वस्त्रें परिधान करून गेले होते. रानडे हे सभेचे खरे सूत्रधार. त्यांची १८७८ सालींच नाशिकास बदली झाली. सभा सरकारची वैरी नव्हती. तिची भाषा अर्जदाराची, आर्जवी होती. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे जंगलच्या अर्जांतील मतभेद किती मूलगामी होता, हें नीट कळतें.

मतभेद झाडें राखावीं कीं तोडावीं, याविषयीं नव्हता. आगगाड्यांच्या रुळांखालील लांकडांसाठीं, गलबतांसाठीं आणि कोळशासाठीं सह्याद्रीची बेसुमार तोड झाली होती; डॉ. गिब्सन यास मुंबई सरकारनें १८४७ सालीं जंगलचा अधिकारी नेमिलें, तें जंगलतोडीच्याच धास्तीनें. वाद होता तो हक्काचा. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, पूर्वेकडील राजा सर्व पडीक जमिनीचा धनी असे. रयत जंगलांत गुरें चारी, काटक्या आणी, तें राजानें चालू दिलें म्हणून. तो हक्क नव्हे, मेहेरबानी होय. आणि मेहेरबानी केव्हांही काढून घेतां येते. जंगल खात्याचा मुख्य ब्रँडिस हा जर्मन गृहस्थ इतका टोकाचा नव्हता. सरकारनें आपल्या गरजेपुरतीं जंगलें राखावीं व कांहीं गांवांकडे सोपवावीं, असें तो म्हणे. मद्रास सरकारनें तर स्पष्ट हरकत घेतली कीं, आमच्याकडे कोणत्या ना कोणत्या गांवच्या शिवेंत नाहीं असें जंगल जवळजवळ नाहींच, आणि तेथील गांवकऱ्यांचे हक्क खरे आहेत. मद्रासेस हा कायदा लागू झाला नाहीं. तेथें १८८२ सालीं निराळा झाला. इतरत्र बेडन-पॉवेलचा पक्ष विजयी झाला. राखीव, संरक्षित व गांवजंगल असे तीन वर्ग कायद्यांत झाले खरे. पण गांवजंगलांचें प्रकरण बहुतेक कागदावरच राहिलें.

सभेचा अर्ज नेमका याच ठिकाणीं बोट ठेवितो. त्याचा आशय थोडक्यांत असा : रयतेस जंगलांतून हुसकून न लावितां सरकारनें तिला विश्वासांत घ्यावें, जें गांव आपला रानाचा तुकडा राखील किंवा नवीं झाडें लावील, त्याला बक्षीस द्यावें, त्याची वाहवा करावी, मग गांवागांवांत आपोआप चढाओढ लागेल, आणि चौकीदारांच्या फौजेनें होणार नाहीं तें काम होईल. १८७८ सालीं, खुद्द राजधानींतील तज्ज्ञ मंडळीस जें सुचलें नाहीं तें पुण्यांतील वकील-पेन्शनरांच्या सभेस सुचावें, हें मला त्या सभेच्या लौकिकांतील एक मोठें भूषण वाटतें. परंतु अर्ज पोहोंचतो न पोहोंचतो तोंच कायदा मंजूर झाला.

आतां पूर्वेकडील राजा जंगलाचा सर्वस्वी धनी असे, या सिद्धान्ताकडे वळूं. मराठ्यांच्या राज्यांत राजानें कांहीं झाडें व कांहीं जागा स्वतःकडे राखल्या होत्या, हें निर्विवाद आहे. सरकारी कुरणें होतीं, त्यांतलें गवत पागेस जाई. आणि सागासारख्या लांकडावर आरमारासाठीं सरकारची नजर असे. पण यावरून सर्व रान राजाचें ठरत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील (इ. स. १७१६ च्या सुमाराचें) आरमाराचें प्रकरण वाचकांच्या परिचयाचें आहे. तेथें सागवान वगैरे तोडण्यास हुजूरची परवानगी लागते. आंबा-फणसाची गोष्ट निराळी. हीं झाडें आरमारास उपयोगी खरीं, तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण तीं रयतेनें पुष्कळ काळ पोटच्या पोरांप्रमाणें जोपासलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें, बळजोरी करूं नये, असा त्याचा भावार्थ आहे. ज्या राज्यांत आरमाराची निकड असतांही एका झाडासाठीं धन्याची राजीखुशी पाहावी लागे, तेथें डोंगरावरील सर्व वहिवाट केवळ मेहेरबानी होती, असें म्हणणें पुराव्यास सोडून आहे. कुरण राखलें म्हणून जाहीर करावें लागे, याचाच अर्थ असा कीं न राखलेलें रान मोकळें होतें.

कायद्याची खरी नांगी पुराव्याच्या कलमांत होती. एखादें रान राखीव करावयाचें झाल्यास जाहीरनामा निघे. त्यांत कमींत कमी ३ महिन्यांची मुदत असे. तेवढ्यांत ज्यानें आपला हक्क अधिकाऱ्यापुढें मांडला नाहीं, त्याचा हक्क बुडाला. ज्याच्याजवळ सनद, निवाडा किंवा इनामपत्र होतें, त्याला वाचा होती. ठाकूर, कातकरी, वारली, धनगर यांनीं काय दाखवावें? त्यांची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण ती पायवाटांवर उमटलेली, दप्तरांत नव्हे. जाहीरनामा वाचतां येणारे लोक त्यांच्या वाड्यापाड्यांवर नव्हतेच. सभेनेंही आपल्या अर्जांत गांव धरला, खातेदार रयत धरली. गांवच्या शिवेबाहेर जो राहतो त्याचा विचार तिच्या मुखत्यारपत्रांत बसणारा नव्हता.

ही उणीव जोतीराव फुले यांनीं अंशतः भरून काढिली. १८८३ सालीं पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत त्यांनीं जंगलखात्यावर कडक टीका केली आहे. पूर्वीं डोंगराजवळच्या अल्पभूधारकानें पालापाचोळा, फळेंमुळें, सरपण यांवर आपलें निभावून न्यावें, दोन शेरडें पाळावीं. तें सर्व या खात्यानें बंद केलें, हा त्यांचा आक्षेप. डोंगरावरचा कुजलेला पाला व शेणमूत पावसानें वाहून शेतांस खत मिळे, असें सांगून जमिनीची धूप थांबविण्यासाठीं ठिकठिकाणीं ताली व बंधारे घालावे, ही सूचनाही ते करितात. सभेच्या मंडळीवर फुल्यांचा विश्वास नव्हता, आणि त्याचीं कारणेंही होतीं. तथापि जंगलाच्या प्रश्नांत दोघांचा बाण एकाच लक्ष्यावर लागला आहे.

१८८० सालीं ग्लॅडस्टनचा उदारमतवादी पक्ष निवडून आला, लिटन गेला, रिपन आला. वर्तमानपत्रांचा कायदा रद्द झाला, जंगलचा राहिला! शिकलेल्या वर्गाचें गाऱ्हाणें नव्या सरकारास ऐकूं आलें. रानांतलें गाऱ्हाणें जुन्यास आलें नव्हतें तसें नव्यासही आलें नाहीं. हुजूरपक्षावर सर्व दोष लादणाऱ्यांनीं एवढी नोंद अवश्य करावी.

पुढला झगडा ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत झाला. तेथें भाताचें रोप करण्यापूर्वीं ऐन वगैरे झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत, शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यांत जाळतात. यास राब म्हणतात. डहाळ्या तोडण्यास बंदी झाली म्हणजे राब नाहीं, आणि राब नाहीं तर लावणी नीट साधत नाहीं. तक्रारी इतक्या वाढल्या कीं मुंबई सरकारला १८८५ सालीं जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा रिपोर्ट १८८७ सालीं बाहेर पडला. शेतकीच्या चौकशीस आलेल्या डॉ. व्होएल्कर यानेंही १८९३ च्या ग्रंथांत सरपण-चाऱ्याचीं राखीव रानें शेतकऱ्यांसाठीं असावीं असें सुचविलें, आणि १९ ऑक्टोबर १८९४ च्या ठरावांत शेतीच्या गरजांस कांहीं मान मिळाला. कायदा होता तसाच. १९३० च्या जंगल सत्याग्रहांत आणि २५ सप्टेंबर रोजीं चिरनेर येथें झालेल्या गोळीबारांत त्याचीच फळें दिसतात.

वनहक्कांस मान्यता देणारा २००६ चा कायदा झाला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंतच वननिवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आली. त्याच्या नियमांनीं (१ जानेवारी २००८) सरकारी कागदांबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमि, देवस्थानें यांस आणि गांवांतील वृद्धांच्या लेखी जबानीस पुराव्याचा दर्जा दिला. महजर वाचणाऱ्यांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत जमवावें, म्हाताऱ्या माणसांस शपथ घालून विचारावें, त्यांचें बोलणें लिहून खालीं साक्षी व नांगराची निशाणी करावी, ही आपल्याकडील न्यायाची जुनीच रीत. असे महजर, शिवेचे निवाडे आणि कुरणांच्या ताकिदी कुळकर्ण्यांच्या दप्तरांत अजून पुष्कळ असतील. आजवर ते बहुधा वतनाच्या व वंशावळीच्या शोधासाठीं चाळले गेले. त्यांतील डोंगर, पाणवठे, चराई व देवराया यांचे उल्लेख वेंचून गांववार टाचण करण्याचें काम संग्राहकांनीं हातीं घ्यावें, आणि आरंभ ठाणें, कुलाबा व मावळ येथील दप्तरांपासून करावा.