तालमीचा खुराक

करवीर संस्थानचा कारभार १८९४ साली हाती घेतल्यावर छत्रपती शाहू महाराजांनी मल्लविद्येस जो राजाश्रय दिला, त्याचे दृश्य स्मारक म्हणजे १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान होय. परंतु त्या वैभवाचा पाया, माझ्या मते, तालमीतल्या कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप आणि काळी मिरी घोटून होणाऱ्या थंडाईने घातला. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची चाल तर अद्याप टिकून आहे.

दूध-बदामांचेच कौतुक फार झाले. जोर-बैठकांनंतर मूठभर भिजवलेले हरभरे आणि जेवणात ज्वारीची भाकरी यांची दखल मात्र कोणी घेतली नाही. वस्तुतः वाळलेल्या हरभऱ्यात शेकडा सुमारे २० भाग प्रथिने असून पिष्ट व चोथाही मुबलक असतो. पिष्टापासून शक्ती मिळाली, की शरीर प्रथिने सरपणासारखी जाळीत नाही, ती स्नायूंच्या डागडुजीस उरतात. आणि चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, कोठाही साफ राहतो, अर्थात पाणी पुरेसे प्याले तर.

चीज करताना उरणाऱ्या निवळीपासून काढलेली प्रथिनांची भुकटी आता तालमींतही पोचली आहे. तीत चोथा जवळजवळ नसतो, तेव्हा भाकरीची जागा ती घेऊ शकत नाही.