निजामशहाचा वैद्य आणि धोतरा

नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) गांवकुसाबाहेर, उकिरड्याच्या कडेस धोतऱ्याचें झुडूप सहज आढळतें. कर्ण्यासारखीं फुलें, कांटेरी फळें. महादेवास वाहावयाचीं, पण पोरांना तोंडांत घालूं द्यावयाचीं नाहींत, एवढें ज्ञान घरोघर असतें. या झुडपाचा गुन्हेगारीशीं जुना संबंध आहे, आणि तो लिहून ठेवणारा एक गृहस्थ नगरच्या दरबारास चांगला परिचित होता.

त्याचें नांव गार्सिया द ऑर्टा. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. पहिला बुऱ्हाण निजामशहा याच्यावर त्यानें उपचार केले, आणि त्याच्या ग्रंथांत या सुलतानाचा उल्लेख वारंवार येतो. हिंदुस्थानांतील औषधींवरील हा संवादरूप ग्रंथ गोव्यांतच १५६३ सालीं छापला गेला. त्यांत धोतऱ्याचें प्रकरण एका घरगुती घटनेनें सुरू होतें. गोव्यांतील एका बाईच्या घरीं धोतरा चारण्यांत आला आणि दागिने लांबविण्यांत आले. धोतरा चारलेली व्यक्ति रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती हंसत होती. ऑर्टा लिहितो कीं, असा मनुष्य संगतवार बोलत नाहीं, नुसता हंसतो, आणि अंगावरचा दागिना काढूं लागलें तर खुशाल काढूं देतो. लिन्स्खोटेन नांवाचा डच प्रवासी १५८३ पासून कांहीं वर्षें गोव्यांत होता. धोतरा पेयांतून पाजतात, डोळे उघडे असूनहि मनुष्य वेड्यासारखा बसून राहतो आणि मागाहून त्यास कांहींच आठवत नाहीं, असें त्यानेंहि नमूद केलें आहे. या स्मृतिभ्रंशाचें कारण धोतऱ्यांतील स्कोपोलामाइन हें द्रव्य होय.

मला या हंसण्याचीच धास्ती वाटते. वेदनेनें विव्हळणाऱ्याकडे लोक धांवतात. हंसणाऱ्याकडे कोण धांवणार? "जरा जास्त झाली," म्हणून सोबती बाजूस होतात, आणि चोराला नेमकें तेंच हवें असतें.

धोतऱ्याची जागा आतां झोंपेच्या गोळ्यांनीं आणि तत्सम द्रव्यांनीं घेतली आहे. पुष्कळदां तर सरबतांत गुपचुप ओतलेली दारूच पुरते. हेतु कधीं चोरीचा, कधीं त्याहून नीच. कांहीं जण त्यास थट्टा म्हणतात. कायदा मात्र तसें मानीत नाहीं. गुन्हा करण्याच्या अथवा इजा करण्याच्या हेतूनें कोणास गुंगीचा वा मादक पदार्थ देणें हा १८६० च्या दंडसंहितेच्या ३२८ व्या कलमानें दहा वर्षेंपर्यंत कैदेचा अपराध ठरला. २०२४ च्या जुलैपासून तेंच कलम भारतीय न्याय संहितेंत १२३ वें झालें आहे.

नगरास १९४७ सालीं अहमदनगर कॉलेज निघालें, राहुरीस १९६८ सालीं कृषि विद्यापीठ. अशा संस्थांमुळें गांवोगांवचीं मुलें-मुली वसतिगृहांत एकत्र आलीं. तेव्हां स्नेहसंमेलन असो वा निरोपसमारंभ, शेजारचा मनुष्य आपल्या ओळखीचा असतोच असें नाहीं. समारंभ भरविणाऱ्यांनीं पेयें एकाच ठिकाणीं, जबाबदार माणसाच्या नजरेखालीं द्यावींत. बाटली आपल्यासमोर उघडलेली असावी. पेला सोडून गेलों तर परत येऊन तो ओतून टाकावा. रंग वा चव बदललेली नाहीं, यावर विसंबूं नये, कारण यांतील कांहीं द्रव्यांचा मागमूसहि लागत नाहीं. जोडीनें जावें, जोडीनेंच परतावें. "मी पोंचवितों हिला," असें म्हणणारा अनोळखी गृहस्थ कितीहि सभ्य दिसला तरी त्याच्या स्वाधीन कोणास करूं नये.

घेतल्याच्या मानानें एखादी मैत्रीण फारच झिंगलेली दिसली तर तिला एकटी ठेवूं नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावें, श्वास पाहत राहावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ऑर्टा रोग्यास वमन करवीत असे. आज घरीं तसें मुळींच करूं नये, कारण गुंगींतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेंत जाते. इस्पितळांत रक्त व लघवीचे नमुने ताबडतोब घेण्यास सांगावें, कारण कांहीं द्रव्यें अर्ध्या दिवसांत शरीरांतून नाहींशीं होतात. उरलेलें पेय असल्यास तेंहि जपून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तिला कांहींच आठवलें नाहीं, तर "तूं खोटें बोलतेस" असें म्हणण्यापूर्वीं लिन्स्खोटेनचा उघड्या डोळ्यांनीं बसलेला मनुष्य आठवावा. आदल्या रात्रीं कोण कोठें होतें, पेला कोणीं दिला, हें तिच्या सोबत्यांनींच त्या दिवशीं कागदावर उतरवून ठेवावें.