जोड लागली, पण जुळलं का? माहितीच्या नळ्यांची गोष्ट

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. एका डेटाबेसमधली माहिती उचलायची, साफसूफ करायची आणि दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेऊन ठेवायची, हे काम करणारं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या घटकांचं बनलेलं असतं. ते घटक एकमेकांना जोडायचे कसे, या प्रश्नाचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. आपलं बँक खातं, विम्याचा हप्ता, रुग्णालयातली नोंद, यांतली माहिती रोज रात्री अशाच कुठल्या ना कुठल्या जोडणीतून वाहत असते. ती जोडणी चुकली तर काय होतं, हेही शेवटी बघू.

सुरुवात १९६४ पासून करू. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकलरॉय यांनी ११ ऑक्टोबरला एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. बागेला पाणी घालताना आपण नळीचा एक तुकडा दुसऱ्याला जोडतो, तसेच प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. कल्पना साधी, पण प्रत्यक्षात यायला नऊ वर्षं लागली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ‘पाइप’ आणला. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर थेट दुसऱ्यात जाऊ लागला. मधे फाइल लिहा, मग ती पुन्हा उघडा, ही कटकट संपली.

साधारण त्याच सुमारास कॅनडात, आयबीएममध्ये काम करणारे जे. पॉल मॉरिसन याच दिशेने विचार करत होते. त्यांनी एका बँकेसाठी अशी रचना केली, की प्रत्येक घटक स्वतंत्रपणे चालतो, त्याला आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड असतं, आणि दोन तोंडांच्या मधे एक ठरावीक आकाराची टाकी असते. टाकी भरली की मागचा घटक थांबतो, रिकामी झाली की पुढचा थांबतो. कुठला घटक कुणाला जोडायचा हे घटकाच्या आत लिहायचं नाही, बाहेर लिहायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी अवजारं यावरच उभी आहेत.

आता डेटाबेसकडे वळू. १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात मांडायची कल्पना शोधनिबंधातून दिली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर प्रश्न विचारायची भाषा मांडली, तिचीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाण मान्यता मिळाली. म्हणजे भाषा एक झाली. मग अडचण कसली राहिली? तर दाराची. प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसमध्ये शिरायचं दार वेगळं होतं. चार डेटाबेस आणि पाच प्रोग्रॅम असले, तर वीस जोडण्या हाताने लिहायच्या.

यावरचा उतारा १९९२ मध्ये आला, ओडीबीसी. त्यात कल्पना अशी, की प्रोग्रॅमने एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलायचं. मधे एक व्यवस्थापक बसलेला असतो, तो योग्य तो ‘ड्रायव्हर’ शोधतो, आणि ड्रायव्हर त्या त्या डेटाबेसच्या बोलीत बोलतो. गणित बघा. आता चार ड्रायव्हर आणि पाच प्रोग्रॅम, म्हणजे एकूण नऊ वस्तू लिहायच्या. वीसच्या जागी नऊ. १९९७ मध्ये जावाच्या जगात जेडीबीसीने हेच केलं.

दारं उघडली. आता माल वाहून न्यायचा होता. १९९३ मध्ये गौरव धिल्लों आणि डियाझ नेसामनी यांनी इन्फॉर्मॅटिका कंपनी काढली. मग बेल्जियममधल्या मॅट कास्टर्स यांनी ‘केटल’ लिहिलं आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. फ्रान्समध्ये टॅलेंड आलं, त्याची मुक्त आवृत्ती २००६ मध्ये निघाली. केटलवाल्यांनी नावं तर थेट स्वयंपाकघरातली घेतली बरं का! चित्र काढायच्या साधनाचं नाव ‘स्पून’, ते चालवणाऱ्यांची नावं ‘पॅन’ आणि ‘किचन’.

या अवजारांत आपण पडद्यावर चौकोन मांडतो आणि त्यांच्यामध्ये बाण ओढतो. बाण ओढणं सोपं आहे. प्रत्येक बाणाचा अर्थ काय, हे समजून घेणं मात्र अवघड आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. सगळे बाण एका जातीचे नसतात. टॅलेंडमध्ये एका प्रकारच्या बाणातून ओळी वाहतात, म्हणजे खरी माहिती. दुसऱ्या प्रकारच्या बाणातून काहीच वाहत नाही, तो फक्त सांगतो, ‘मागचं काम नीट संपलं, आता तू सुरू कर.’ एक नळी आहे आणि दुसरी नुसती शिट्टी. नवीन माणूस या दोघांत गोंधळतो.

दुसरी गोष्ट. केटलमध्ये एका घटकातून दोन बाण काढले, की ते विचारतं: ओळी वाटायच्या, की दोघांना नक्कल द्यायची? वाटायच्या म्हटलं तर पत्ते पिसून वाटावेत तशी एक ओळ इकडे, एक तिकडे. निम्मी माहिती एका टेबलात, निम्मी दुसऱ्यात. चूक दाखवणारा लाल दिवा लागत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉरिसन यांची ती टाकी. केटलमध्येही दोन घटकांच्या मधे ठरावीक ओळींची टाकी असते. समजा एक प्रवाह दोन वाटांनी फुटला आणि पुढे पुन्हा एकत्र आला. एकत्र करणारा घटक एका वाटेकडची शेवटची ओळ येईपर्यंत थांबलाय, आणि तोवर दुसऱ्या वाटेची टाकी भरली. मग मागचा थांबतो, त्यामुळे पहिली वाटही थांबते. सगळे एकमेकांची वाट बघत बसतात. हजार ओळींच्या चाचणीत हे दिसत नाही, लाखभर ओळी आल्या की दिसतं.

इथपर्यंत दाराची आणि नळीची गोष्ट झाली. पण नळीतून जे वाहतं त्याचा अर्थ दोन्ही टोकांना एकच आहे का? हा प्रश्न कुठलाही बाण विचारत नाही.

याची किंमत १९९९ मध्ये कळली. नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान ११ डिसेंबर १९९८ ला निघालं होतं. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहायचं, आणि मार्ग ठरवणारं दुसरं सॉफ्टवेअर ते वाचायचं. लिहिणाऱ्याने पौंड-सेकंद या इंग्रजी मापात लिहिलं, वाचणाऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वाचलं. फरक सुमारे ४.४५ पटीचा. मापं मेट्रिक असतील हे लेखी ठरलेलं होतं. फाइल जात होती, वाचली जात होती, आकडा हा आकडाच होता. २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळापाशी पोहोचलं ते जवळपास ५७ किलोमीटर उंचीवरून, आणि ८० किलोमीटरच्या खाली ते तगणं शक्य नव्हतं. यान गेलं. लक्षात घ्या, मार्ग जुळत नाही अशी शंका काही जणांना आधी आली होती. ती शंका योग्य ठिकाणी, योग्य रीतीने पोहोचली नाही. म्हणजे माणसांमधली नळीही तुंबली होती.

हे मंगळावरचं झालं. आपल्या मराठीतलं एक उदाहरण देतो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातला देवनागरीचा आराखडा भारतातल्या इस्की या प्रमाणावर बेतलेला होता. त्याआधीच्या, आणि नंतरही वर्षानुवर्षं चाललेल्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण साठवलेली असायची रोमन अक्षरं किंवा चिन्हं. बरं, आता युनिकोड सगळीकडे आहे, मग प्रश्न सुटला? ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. यातला अर्धा ‘ऱ्’, आपल्या मराठीचा खास, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात. एका यादीत एका रीतीने, दुसऱ्या यादीत दुसऱ्या रीतीने लिहिलं गेलं, आणि दोन्ही याद्या नावावरून जोडल्या, तर कुऱ्हाडेंची ओळ जुळणारच नाही. यादी पेन्शनची असेल, तर त्या घरात महिनाअखेरीला काय होईल, याचा विचार करा.

तेव्हा साठ वर्षांच्या या इतिहासातून आपण काय घ्यायचं? दार कसं उघडायचं हे प्रमाण ठरवून सुटलं. नळी कशी लावायची हे अवजारांनी सोपं केलं. अर्थ जुळवणं मात्र अजूनही माणसांनीच बसून करायचं काम आहे: हा रकाना कुठल्या मापात आहे, रिकामी जागा म्हणजे शून्य की ‘माहीत नाही’, नाव कुठल्या रीतीने लिहिलंय. आणि एक सवय अगदी फुकटात लावता येते. या टोकाला किती ओळी निघाल्या आणि त्या टोकाला किती पोहोचल्या, ते रोज मोजायचं. न जुळलेल्या ओळी टाकून न देता वेगळ्या टेबलात ठेवायच्या, आणि ते टेबल कोण उघडून बघणार त्याचं नाव ठरवायचं.

आज इथेच थांबू.