गराजमधले बाप



निवृत्तीनंतर दिवस कसा घालवता, हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. कुणी बागकाम सांगतं, कुणी ब्रिज, कुणी गीतेचा वर्ग. मी खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो. मी लहान पोरांच्या सायकली दुरुस्त करतो. वय वर्षे ७७. सायकलींचं वय साधारण ४५. सौ.च्या मते दोघांनाही आता स्वस्थ बसू द्यायला हवं.

या सायकली म्हणजे बीएमएक्स, बायसिकल मोटोक्रॉस. वीस इंची चाकं, गिअर नाहीत, जाड हँडल, आणि मातीच्या उंचवट्यांवरून आठ पोरं एकदम सुटतात ती शर्यत. ३५-४० सेकंदांत सगळं आटोपतं. २००८ला बीजिंगमध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा टीव्हीसमोर मी एकटाच बसलो होतो. का, ते सांगण्यासाठी आधी १९८३ साली जावं लागेल.

आम्ही १९७९मध्ये लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत आलो. मी विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर. १९८२च्या उन्हाळ्यात 'ई.टी.' आला आणि आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं वेडी झाली. त्यातला सायकलींचा पाठलाग आमच्याच भागात, पोर्टर रँचच्या आसपास चित्रित झालेला. चिरंजीव तेव्हा दहाला टेकलेले. त्याला 'मंगूस' हवी होती. मंगूस म्हणजे आपलं मुंगूस. मी दुकानात किंमत पाहिली, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला (ती सवय आपल्यापैकी कुणाची सुटली आहे?), आणि एका मोठ्या सवलतीच्या दुकानातून हुबेहूब तशीच दिसणारी स्वस्तातली सायकल आणली. तशीच उशी, तशीच नंबर प्लेट. "काय फरक आहे सांग," असं वर त्यालाच विचारलं. मी, धातुशास्त्र शिकलेला माणूस!

फरक तीन आठवड्यांनी कळला. मोकळ्या प्लॉटमधल्या उंचवट्यावरून उडी मारून तो खाली आला आणि हँडल स्टेममध्ये फिरलं. पुढचा अर्धा दात गेला. तो दात पुढे डेंटिस्टने बांधून दिला, पण 'काय फरक आहे' हे वाक्य घरात अजून जिवंत आहे. नवीन टीव्ही घेताना, गाडी घेताना, कोथिंबीर घेतानासुद्धा.

निवृत्त झाल्यावर एका गराज सेलमध्ये खरीखुरी मंगूस दिसली. फक्त फ्रेम आणि चिमटा, बाकी गंज. वीस डॉलर. ती घरी आणून उलटी टांगली आणि तिची वंशावळ शोधायला लागलो, तर काय निघालं? ही सायकल माझ्या घरापासून काही मैलांवर जन्मली होती, आणि ती जन्माला घालणारा माणूस माझ्यासारखाच एक बाप होता. फक्त माझ्यापेक्षा शहाणा.

या खेळाचा उगम कुणा कंपनीत नाही, पोरांच्या हट्टात आहे. १९६३मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने 'स्टिंग-रे' नावाची लहान चाकांची, उंच हँडलची, केळ्यासारख्या लांब सीटची सायकल काढली. दिसायला ऐटबाज. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती मातीत घातली, कारण मोठी माणसं मोटोक्रॉस खेळत होती आणि पोरांना मोटरसायकल कोण देणार? १९६९मध्ये पश्चिम लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कात अशा शर्यती होऊ लागल्या. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने पोरांकडून पाव-पाव डॉलर घेऊन शर्यत भरवली, आणि बक्षीस म्हणून मोटरसायकल स्पर्धांत स्वतः मिळवलेले चषक देऊन टाकले. मग १९७१मध्ये ब्रूस ब्राउनचा 'ऑन एनी संडे' हा मोटरसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच पोरं स्टिंग-रे मातीत पिटाळताना दिसतात. तिथून हे लोण देशभर गेलं.

अडचण एकच. या सायकली मोडत. चिमटे वाकत, चाकांचे आठ होत, हँडलं तुटत. पेपर टाकायच्या सायकलीने उड्या मारल्या तर दुसरं काय होणार?

इथे बाप मंडळी चित्रात येतात, आणि मला हा भाग सगळ्यात प्यारा आहे. सिमी व्हॅलीतले स्किप हेस हे ड्रॅग रेसिंगच्या दुनियेतले गृहस्थ. पोरांची तारांची चाकं रोज मोडताना पाहून त्यांनी १९७४मध्ये गराजमध्ये डोकं चालवलं आणि मोटारीच्या चाकासारखं ओतीव मिश्रधातूचं, पाच जाड आऱ्यांचं चाक काढलं. त्याचं नाव मोटोमॅग. आधी चाक, मग त्या चाकाला शोभेल अशी फ्रेम. तीच मंगूस. शेजारच्या चॅट्सवर्थमध्ये लिन कास्टन मोटरसायकलच्या फ्रेमी बनवत. कंपनीचं नाव रेडलाइन. त्यांनी १९७४मध्ये क्रोममॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा चिमटा केला आणि पोरांचे चिमटे वाकायचे थांबले. पुढे नळीचेच तीन तुकड्यांचे क्रँक केले. तोवर क्रँक म्हणजे एकच वाकवलेली कांब. उडीत तीही वाकायची. ऑरेंज काउंटीत गॅरी टर्नर ड्रॅग रेसच्या गाड्यांच्या नळ्या जोडण्यात तरबेज. त्यांनी आपल्या मुलासाठी एक फ्रेम जोडून दिली. मुलाच्या मित्रांना तशीच हवी झाली, मग मित्रांच्या मित्रांना. ॲनाहाइमचे सायकल दुकानदार रिचर्ड लाँग त्यांना मिळाले आणि १९७९मध्ये जीटी कंपनी उभी राहिली.

गॅरी लिटलजॉन यांचं नाव घेतलं नाही तर जाणकार माझा कान पकडतील. सिनेमात मोटरसायकलचे स्टंट करणारा हा माणूस, आणि खास या खेळासाठी सायकली बांधणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी एक.

या सगळ्यांच्या हातात एकच कला होती: पातळ नळ्या टिग वेल्डिंगने जोडणं. आणि एकच माल: ४१३० पोलाद. सुमारे एक टक्का क्रोमियम, ०.२ टक्के मॉलिब्डेनम, ०.३ टक्के कार्बन. विमानांचे सांगाडे ज्याचे करत तेच. मी नोकरीभर ज्या पोलादाचे तक्ते चाळले, ते पोलाद बाहेर पोरांच्या पायाखाली होतं, आणि मी माझ्या पोराला साध्या लोखंडाची नळी आणून दिली.

आता माझी चूक नंबर दोन. ती वीस डॉलरची फ्रेम मी मुलामा देणाऱ्या एका दुकानात टाकली. माझी काळजी भलतीच होती. आम्लात बुडवून मुलामा दिला की पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून मुलाम्यानंतर भट्टीत काही तास तापवून घ्या, असं त्यांना दोनदा बजावलं. तापवलीही त्यांनी. पण मुलाम्याआधी पॉलिश करताना फ्रेमवर ठोकलेला क्रमांक घासून टाकला, आणि वेल्डिंगची माशाच्या खवल्यांसारखी रांग सपाट केली. देवाच्या मूर्तीला वज्रलेप करताना नाक-डोळे बुजावेत, तसं. फ्रेम आरशासारखी चमकत परत आली. त्या क्रमांकावरून तिचं साल ठरलं असतं. आता ते कधीच ठरणार नाही. त्या खवल्यांत कुणाचा हात होता, कुठे घाई झाली, कुठे सावकाश चालला, ते वाचता आलं असतं. तेही गेलं. मीच पैसे मोजून घालवलं.

म्हणून दुसरी फ्रेम मिळाली तेव्हा हात आखडता घेतला. ही रेडलाइन. गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिडचं सौम्य पाणी, मुलाम्यावर ओला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा, बस. (सौ.ने पितळी समईची चिंच आणून दिली. हसू नका, हलक्या गंजाला तीही चालते.) मूळ मुलामा निकेलचा असेल तर तो किंचित पिवळसर दिसतो, क्रोम निळसर, नवशिके निकेलवर क्रोम चढवून मोकळे होतात. स्टिकर नवे छापून मिळतात, पण मी जुने अर्धवट फाटलेलेच ठेवले. मधल्या नळीवर कुणीतरी खिळ्याने '३१७' कोरलंय. बहुधा त्या पोराच्या प्लेटचा नंबर. ते पुसणार कोण?

या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९८०च्या दशकात पोरं शर्यती सोडून कसरतींकडे वळली, मग माउंटन बाइक आली, कारखाने तैवानला गेले. रिचर्ड लाँग १९९६मध्ये मोटरसायकल अपघातात गेले. हेस यांनी कंपनी विकली, आणि मंगूस हे नाव शेवटी सवलतीच्या मोठ्या दुकानांत पोचलं, म्हणजे जिथून मी ती नकली आणली होती तशाच जागी. आता खऱ्याचंच नाव नकलीवर! ब्राइटहॉप्टने पुढे एसई रेसिंग काढली आणि पेरी क्रॅमर या खेळाडूच्या नावाने ॲल्युमिनियमची 'पीके रिपर' काढली. ती तर दंतकथाच झाली. पण व्यसनाने त्याला पुन्हा पुन्हा गाठलं. २०१५च्या जुलैमध्ये इंडिओ गावातल्या एका रिकाम्या प्लॉटवरच्या तंबूत तो मृतावस्थेत सापडला. वय ५७. तेराव्या वर्षी स्वतःचे चषक वाटून टाकणारा मुलगा. त्या बातमीनंतर दोन दिवस मी गराजमध्ये गेलो नाही.

असो.

रेडलाइन आता बहुतेक जुळून आली आहे. जपानी रिम मिळाल्या, ब्रेक मिळाले. सीटखालचा दांडा मात्र २२.२ मिलिमीटरचा, म्हणजे सात-अष्टमांश इंची, सरळ आणि न वाकलेला असा मिळत नाही. कुणाच्या गराजमध्ये मुलांची जुनी वीस इंची सायकल धूळ खात पडली असेल, तर टाकण्याआधी एक फोटो पाठवा. आणि कृपा करून स्टिकर खरवडू नका, क्रमांक घासू नका.

स्टेमचा बोल्ट मी अजून नुसता हाताने लावून ठेवलाय. चिरंजीव थँक्सगिव्हिंगला येतोय, वय वर्षे बावन्न. फोनवर म्हणाला, "बाबा, तो एक बोल्ट तुम्ही आवळू नका. तो मी आवळणार."