गंजलेल्या जुन्या गाडीचा पत्रा घरीच बदलताय? कापण्याआधी हे वाचा

गोठ्याशेजारी किंवा शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली महिंद्रा जीप, अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं, की इंजिनाआधी पत्राच आडवा येतो. वेल्डिंगचा हात असेल तर बरंच काम घरी जमतं. मात्र कोणता पत्रा कापायचा आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी कळायला हवं.

गंज कुठे लपतो?

जिथे ओल आणि माती साचते तिथे. पायाखालच्या मॅटच्या खाली, दारांच्या तळाला, मडगार्डच्या आतल्या कडेला, बॅटरीच्या ट्रेखाली आणि डिकीत आधी बघा. खत वाहिलेल्या जीपचा फ्लोअर लवकर कुजतो. कोकणात खारी हवा भर घालते.

हातोडीने हलकं ठोका. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. रंगाला फोड आलाय तिथे पेचकस टोचा. बाहेर फोड रुपयाएवढा दिसला तरी आत गंज तळहाताएवढा असू शकतो. त्यावर पुट्टी मारली की ओल आतच कोंडते आणि पावसाळ्यानंतर पत्रा पुन्हा फुगतो.

जीप वेगळी, अ‍ॅम्बेसेडर वेगळी

जीपची बॉडी लोखंडी फ्रेमवर बोल्टने बसवलेली असते. पत्रेही बरेचसे सपाट. त्यामुळे फ्लोअर, मडगार्ड बदलणं त्यातल्या त्यात सोपं.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीला अशी वेगळी फ्रेम नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची लांब पोकळ पट्टी, म्हणजे सिल, ही गाडीची कंबर. ती तशीच कापली तर गाडी मधोमध बसते आणि दारं लागत नाहीत. म्हणून गाडी सपाट जागी भक्कम टेकूवर घ्या, दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाक्यांनी जोडा आणि एका वेळी एकच बाजू करा.

जीपची फ्रेम, स्प्रिंग, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जिथे बसतात तो भाग कुजला असेल, तर काम जाणत्या कारागिराकडेच द्या.

काम कसं करायचं?

१. गंजाच्या पुढे साधारण एक इंच चांगला पत्रा लागेपर्यंत कापा.
२. पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून बघा, मगच पत्रा कापा.
३. सीआरसी पत्रा घ्या. जाडी मूळ पत्र्याएवढीच ठेवा. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी.
४. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्र्याला भोक पडतं. सीओटू वेल्डिंग आणि ०.८ मिमी तार बरी.
५. सलग वेल्डिंग ओढू नका, पत्रा तापून वाकडा होतो. लांब लांब टाके द्या, गार होऊ द्या, मग मधली जागा भरा.
६. ग्राइंडिंग झाल्यावर लगेच प्रायमर मारा, जोडाला सीलंट भरा. सिल आणि दारांच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल सोडा. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

जिवाशी खेळ नको

आधी बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी सोडवून लांब नेऊन ठेवा. बऱ्याच जुन्या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. रिकामी टाकीही धोक्याचीच, कारण आतली वाफ पेट घेते. सीट, मॅट, वायरिंग बाजूला करा. पाणी आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. जीआय पत्र्याचा जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.

आरटीओचं काय?

चेसिस नंबरचा भाग कापू नका, घासू नका, त्यावर रंगाचे थर चढवू नका. खासगी गाडीची १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करताना हा नंबर तपासतात. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी जपा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. म्हणून कापण्याआधी प्रत्येक भागाचे मोबाइलवर फोटो काढा आणि नवा पत्रा जुन्याच आकाराचा बनवा.